वाटीतले हरभरे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय चौतीस, राहायला कासारवडवलीला, नोकरी ऐरोलीत. चार महिने मोबाइलच्या अ‍ॅपवर रोज वीस मिनिटं ध्यान करताय. मन स्थिर होत नाही, उलट विचार वाढलेत असं वाटतं. पाय बधिर होतात, अधूनमधून डुलकी लागते. नवरा म्हणतो, हे सगळं मानण्यावर आहे. सासूबाई म्हणतात, जपमाळ घे. मैत्रीण दहा दिवसांच्या शिबिराला चल म्हणते. यात खरं विज्ञान किती, आणि चालू ठेवू की सोडून देऊ, असं तुम्ही विचारलंय.

सोडू नका. फक्त तुम्ही ज्या पट्टीने मोजताय ती पट्टी चुकीची आहे, ती आधी बदलू या.

मी अकरा वर्षं एका हॉस्पिटलात ईईजी टेक्निशियन होते, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढणारी. गेली एकोणीस वर्षं नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी पावणेसहाला ध्यानाचा वर्ग घेते. तुमच्यासारखी तक्रार घेऊन बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले होते. आमच्याकडे नव्या माणसाला पहिले तीन आठवडे दोन वाट्या देतात. एकीत हरभरे, दुसरी रिकामी. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. मन भटकलं होतं हे ध्यानात आलं की न बघता एक हरभरा इकडच्या वाटीतून तिकडे टाकायचा आणि परत श्वासावर यायचं. बस झालं. काकांनी हिशेबाच्या वहीत आकडे लिहिले होते. पहिल्या दिवशी चार, आठवड्याने नऊ, तिसऱ्या आठवड्यात एकोणीस. वही माझ्यासमोर धरून पडेल चेहऱ्याने म्हणाले, "मॅडम, घसरण चाललीय."

घसरण नव्हे हो, ती कमाई होती. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत चार हरभरे म्हणजे मन चारदाच भटकलं असं नाही. एकेकदा तीन-तीन मिनिटं बाहेर हिंडत होतं आणि काकांना पत्ताच नव्हता. एकोणीस म्हणजे निघाल्या निघाल्या लगाम खेचला जातोय. पुढे तीन-चार महिन्यांनी आकडा आपोआप सात-आठवर आला, पण तोवर त्यांनी तो वहीत लिहिणं सोडून दिलं होतं.

ध्यानातलं काम म्हणजे ते भानावर येणं. मन एका जागी बसून राहणं हे काम नाही, ते कधीमधी मिळणारं फळ आहे. तुम्ही चार महिने फळाकडे डोळे लावून बसलात आणि रोज दहा-पंधरा वेळा जे खरं काम करत होतात ते चूक म्हणून खात्यात टाकत राहिलात. विचार वाढल्यासारखे वाटतात त्याचंही हेच. पंखा बंद केला की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. घड्याळ आधीही चालूच होतं.

आता विज्ञान. ही हरभऱ्याची युक्ती मी घरच्या वाट्यांत केली, पण अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात जवळजवळ हाच प्रयोग एमआरआय मशीनमध्ये झाला, त्याचा निबंध २०१२ साली आला. ध्यानाचा सराव असलेल्या चौदा जणांना मशीनमध्ये झोपवून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि हातात बटण दिलं. मन भटकलेलं लक्षात आलं की बटण दाबायचं. बटण दाबण्याच्या आधीची, त्या क्षणाची आणि नंतरची काही सेकंदं वेगळी काढून पाहिली, तर मेंदूतली वेगवेगळी जाळी पाळीपाळीने पेटताना दिसली. भटकताना एक, ते लक्षात येताना दुसरं, लक्ष परत वळवून धरताना तिसरं. म्हणजे 'भटकलो, कळलं, आलो' हे तीन टप्पे नुसते शिकवण्याच्या सोयीचे नाहीत.

यातल्या पहिल्या जाळ्याला 'डीफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. मार्कस रेइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ते नाव रूढ केलं. माणूस काही विशेष करत नसतो तेव्हा मेंदू स्वस्थ बसत नाही, काल काय झालं, उद्या काय होईल, लोक मला काय म्हणतील, असं घरचं दळण सुरू करतो. २०१० साली आलेल्या एका अभ्यासात सव्वादोन हजार लोकांना दिवसातून अवचित वेळी फोनवर विचारलं होतं की आत्ता मन कुठे आहे. सुमारे ४७ टक्के वेळा उत्तर आलं, हातातल्या कामावर नाही. तेव्हा हे तुमचंच मन असं आहे हे डोक्यातून काढा. २०१४ साली तर एक गंमतच झाली. लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसायला सांगितलं, सोबत स्वतःला विजेचा झटका देण्याचं बटण ठेवलं. अठरापैकी बारा पुरुषांनी आणि चोवीसपैकी सहा बायकांनी किमान एकदा झटका घेतला! हे सगळे आधी म्हणाले होते की असा झटका टाळायला आम्ही पैसे देऊ.

ईईजीवाली म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण 'अल्फा लहरी'च्या नावाने फार माल विकला जातो. अल्फा म्हणजे सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा येणारी लहर. ती दिसायला ध्यान लागत नाही. पेशंटच्या डोक्यावर पेस्ट लावून तारा चिकटवल्या की आम्ही पहिलं वाक्य म्हणायचो, "डोळे मिटा." मिटले की बहुतेकांच्या डोक्याच्या मागच्या भागावर अल्फा हजर. "उघडा" म्हटलं की गायब. यात भाजीवाला आणि योगी असा भेद नाही. दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ साली योग्यांचे आलेख प्रसिद्ध केले, त्यात विशेष हे होतं की समाधीत असताना प्रकाश, आवाज, गरम स्पर्श असं काही केलं तरी त्यांची अल्फा मोडली नाही. आपली चुटकीसरशी मोडते. तेव्हा कोणी हेडफोन विकत 'अल्फा अवस्था' देतो म्हणाला तर त्याला सांगा, मी डोळे मिटून फुकटात मिळवते.

आणि माझी स्वतःची फजिती. ध्यान सुरू करून दोन वर्षं झाली होती. मला वाटायचं, आपलं छान लागतंय, वेळ कसा जातो कळत नाही. एका दुपारी पेशंट नव्हता, मैत्रिणीला म्हटलं, माझ्याच डोक्याला तारा लाव. वीस मिनिटं बसले. उठले तेव्हा चेहऱ्यावर काय ते समाधान! मैत्रिणीने आलेख पुढे केला. सुरुवातीला सुरेख अल्फा. मग ती विरळ होत गेलेली, तिच्या जागी संथ लहरी, आणि डोळ्यांच्या तारांवर बुबुळं हळूहळू डावी-उजवीकडे तरंगल्याची वळणदार रेघ. ही रेघ डुलकीची. आम्ही दोघी ती रोज दहा पेशंटांमध्ये बघायचो. "बारा मिनिटं तू झोपली होतीस," ती म्हणाली. दोन वर्षं मी बसून झोपण्याचा सराव केला होता.

म्हणून तुमच्या डुलकीबद्दल आधी झोपेचा हिशेब विचारते. रात्री साडेबाराला आडवं होऊन सहाला उठत असाल तर ध्यानात झोपच येणार, तो शरीराचा थकलेला हप्ता आहे. आधी पाऊण तास झोप वाढवा. तरीही पेंग येत असेल तर डोळे अर्धवट उघडे ठेवून समोरच्या लादीवर नजर टेकवा, नाहीतर सरळ उभ्याने करा.

बसायचं कसं ते आता नीट सांगते, कारण बहुतेक अ‍ॅपवाले 'आरामात बसा' म्हणून मोकळे होतात. जमिनीवर बसत असाल तर सतरंजीची जाड घडी किंवा कडक उशी फक्त बुडाखाली घ्या, पायांखाली नको. कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली पाहिजे, म्हणजे पाठ आपोआप सरळ उभी राहते, ताणून धरावी लागत नाही. पाय बधिर होतो तो बहुधा नस दाबल्यामुळे. त्यात तपश्चर्या काही नाही, सावकाश पाय मोकळा करा आणि करताना काय वाटतं ते बघा. गुडघे बोलत असतील तर खुर्चीवर बसा. ध्यान कमी पडत नाही. पाठ मात्र टेकू नका, तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले असू द्या.

वीस मिनिटं नकोत, बारा करा. सकाळी, फोन हातात घेण्याआधी. पहिली दोन मिनिटं श्वास सोडणं थोडं लांबवा. घेताना चार अंक, सोडताना सहा. हे ध्यान नव्हे, ही फक्त मशागत. का करायची ते स्वतःच तपासा. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी लागली की सावकाश श्वास घ्या आणि सोडा. घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला आवर घालते म्हणून असं होतं. तुमच्या वयात हा फरक बोटांना चांगला जाणवतो, माझ्या वयात शोधावा लागतो. नवऱ्यालाही करायला लावा. त्याच्या 'मानण्यावर आहे'ला हे एक उत्तर, मानलं नाही तरी ठोके लांबतातच.

मग श्वास मोकळा सोडून द्या. तो लांब, आखूड, अडखळत, कसाही येवो. नाकपुडीशी किंवा पोटाशी, एकच जागा धरा. सोडताना एक, पुढच्या वेळी दोन, असं दहापर्यंत. चुकलात, किंवा सतरावर पोहोचलात, तर हरभरा टाका आणि एकपासून. स्वतःला रागवायचं नाही. रागावणं म्हणजे आणखी एक भटकंतीच. भटकून कुठे गेला होतात त्याला एका शब्दाचं नाव द्या: बेत, आठवण, भांडण. माझ्या वर्गातल्या बायकांमध्ये सगळ्यात मोठा कप्पा 'उद्याचा डबा' हा आहे, दुसऱ्या नंबरावर 'तेव्हा मी असं बोलायला हवं होतं'.

आवाजांशी भांडू नका. घोडबंदर रोडला राहून शांततेची वाट बघणाऱ्याचं ध्यान व्हायचंच नाही. मेट्रोचं काम, कचऱ्याच्या गाडीचं गाणं, शेजारच्या कुकरची शिट्टी. शिट्टी आली की 'ऐकणं' म्हणा आणि श्वासावर या. ज्या दिवशी आवाज फारच असेल त्या दिवशी श्वासाऐवजी आवाजालाच धरून बसा, कुठून आला, किती टिकला, कुठे विरला एवढंच.

दुसरी बैठक लोकलमध्ये. ठाण्याहून ऐरोली म्हणजे मध्ये फक्त दिघा गाव, जेमतेम दहा मिनिटं. फोन पर्समध्ये ठेवा आणि डोळे उघडे ठेवून तळव्यांवरचं वजन बघत उभ्या राहा. गाडी वळली की वजन एका पायावरून दुसऱ्यावर सरकतं, हँडल धरलेल्या हाताचा खांदा कानाकडे चढलेला असतो. खांदा खाली आला तरी पुष्कळ झालं. दारात उभ्या असाल तर हे नको, तिथे लक्ष दारातच हवं.

एक सावधगिरी. अ‍ॅपमध्ये किंवा एखाद्या वर्गात भराभर, जोरजोरात श्वास घ्यायला लावून ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या की 'ऊर्जा जागी झाली' असं सांगतात. आम्ही लॅबमध्ये पेशंटला तीन मिनिटं असाच श्वास घ्यायला लावायचो, तेव्हा जवळजवळ सगळ्यांना मुंग्या यायच्या. रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं. आम्ही ते करायचो कारण काही जणांचा लपलेला मिरगीचा दोष त्यामुळे आलेखात उघडा पडतो. मिरगीचा त्रास असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही करू नये.

फायदा किती, हेही फुगवून सांगणार नाही. २०१४ साली अमेरिकेच्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा, ३,५१५ लोकांचा एकत्रित आढावा आला. चिंता, नैराश्य आणि दुखणं यांत मध्यम खात्रीचा, माफक फायदा दिसला. पण औषधं, व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान वरचढ असल्याचा पुरावा सापडला नाही. झोप आणि एकाग्रतेबद्दल पुरावा तोकडाच होता. २०२२ साली आणखी एक चाचणी आली: चिंताविकाराचे २७६ रुग्ण, निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम ही नेहमीची गोळी, निम्म्यांना आठ आठवड्यांचा ध्यानाचा अभ्यासक्रम. दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. तुमच्या नवऱ्याने हे वाचलं तर त्याला सांगा, तो अभ्यासक्रम म्हणजे दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि रोज घरी पाऊण तास. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ दुखण्याच्या रुग्णांसाठी तो बांधला. अ‍ॅपच्या पाच मिनिटांना त्याचं सर्टिफिकेट चिकटवू नये. आणि हो, 'आठ आठवड्यांत मेंदूचा आकार बदलतो' हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते २०११च्या एका लहान अभ्यासावरून. २०२२ साली २१८ जणांवर काटेकोर तपासणी केली तेव्हा तसा बदल दिसला नाही. मेंदूच्या कामाची पद्धत बदलणं वेगळं, आकार बदलणं वेगळं. मी स्वतः वर्गात पाच वर्षं तो जुना दाखला मोठ्या ऐटीत देत होते, तो आता बंद केलाय.

नवऱ्याचा मुद्दा मात्र अगदीच उडवून लावू नका. बरं वाटेल या अपेक्षेने थोडं बरं वाटतंच, गोळीचंही तसंच. म्हणून तर चांगल्या चाचण्यांत दुसऱ्या गटालाही काहीतरी देतात.

आता शिबिर. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली विपश्यना शिबिरं म्हणत असाल तर ती विनामूल्य असतात, पुढे वाटलं तर दान द्यायचं. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून आहे आणि तुमच्या जवळ बेलापूरला पारसिक टेकडीवर केंद्र आहे. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहाएक तास बैठक, फोन जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस फक्त श्वास, मग शरीरभरच्या संवेदना. मी दोनदा करून आले, तिसऱ्यांदाही जाईन. पण बारा मिनिटांवरून एकदम दहा तासांवर उडी मारायला मी माझ्या वर्गातल्या कुणालाही सांगत नाही. एक वर्ष रोजचं बसणं होऊ द्या, मग जा. अर्जात मानसिक आजाराबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा. लोक लपवतात आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी अवघड होऊन बसतं.

कारण ध्यानाचे त्रासही असतात. २०२०च्या एका आढाव्यात सुमारे ८ टक्के लोकांमध्ये काही ना काही अनिष्ट अनुभव नोंदवले गेले, बहुतेक चिंता आणि उदासीचे. माझ्याकडे एक मुलगी यायची, श्वासाकडे लक्ष दिलं की तिचा श्वासच कोंडायचा. तिला लहानपणी दम्याचे जोरदार झटके येऊन गेले होते. तिने श्वासाकडे बघणं सोडून दिलं, हातात गार पाण्याचा तांब्या धरून त्याचा गारवा बघत बसायची. तिचं छान चाललं. तुम्हाला बसल्यावर धडधड, घुसमट, आपण आपल्या अंगाबाहेर आहोत असं काही वाटलं तर डोळे उघडा, पाय जमिनीवर दाबा, उठून चालू लागा. पुन्हा पुन्हा होत असेल तर ध्यान थांबवून मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास असते, मराठीतही बोलतात. चालू असलेली गोळी ध्यानाच्या जोरावर स्वतःहून बंद करायची नाही. हे मी दर महिन्याला एकाला तरी सांगते आणि दर महिन्याला एक जण तरी करून बसतो.

ज्यांना माणसांत बसून शिकायचंय त्यांना ठाण्यात तोटा नाही. घंटाळी मित्र मंडळ, अंबिका योग कुटीर या जुन्या संस्थांमधून आसन-प्राणायामाचा पाया घेऊन आलेली माणसं माझ्याकडे लवकर स्थिरावतात, कारण त्यांना बसता येतं. एक ओळखायची खूण: जो शिक्षक पहिल्याच दिवशी 'डोकं रिकामं करा' म्हणतो त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका. मला असाच एक भेटला होता. विचार दाबून दाबून महिनाभर माझं कपाळ ठणकत होतं.

राहिली सासूबाईंची जपमाळ. ती घ्या की! अष्टांगयोगात ध्यानाच्या आधीची पायरी धारणा, म्हणजे एका जागी चित्त बांधणं, आणि आपण इतका वेळ ज्याला ध्यान म्हणतोय ते खरं तर धारणाच आहे. श्वास ही एक खुंटी, मणी दुसरी. बोटाला मणी लागतो, नाम येतं, मणी सरकतो. फरक इतकाच की मणी सरकत राहून मन मटार सोलत असतं, तेव्हा ते ध्यानात आलं पाहिजे. मेरुमण्यापाशी आलात की स्वतःला विचारा, शेवटचे दहा मणी मी कुठे होते? सासूबाईंनाही विचारून बघा. माझ्या सासूबाईंना विचारलं होतं, तर म्हणाल्या, "अगं, गॅसवर दूध ठेवलंय का, तेच आठवत होते."

ठेवलं होतं, आणि उतूही गेलं होतं.